विलंबाचे कारण

माझ्या बाबांना मिरगी होती. हे साधं वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, तेव्हा ते आधीच लिहून टाकते. नाहीतर पुन्हा काहीतरी निमित्त काढून टाळीन.

आजार जन्माचा नव्हता. फौजेत असताना डोंगरातल्या एका वळणावर त्यांची गाडी उलटली, डोक्याला मार लागला, महिनाभर दवाखान्यात पडून होते, आणि वर्षाच्या आत पहिलं फेफरं आलं. फौजेतल्या डॉक्टरांच्या बोर्डानं त्यांना अनफिट करून घरी पाठवलं. जाताना कागदावर एक ओळ लिहिली, की हा आजार अंगचाच आहे, नोकरीमुळे झालेला नाही. त्या ओळीमुळे अपंगत्वाची पेन्शन गेली. नोकरी नऊच वर्षांची, म्हणून साधी पेन्शनही नाही. बाबा बिस्तरा बांधून अल्लीपूरला आले आणि कोणाला एक शब्द विचारला नाही. "आर्डर म्हंजे आर्डर," एवढंच म्हणायचे. मला त्या वाक्याचा लहानपणापासून संताप आहे.

आमच्या गावात फेफरं आलं की माणसाला चामडं हुंगवतात. बाबांनी फौजेतले बूट जपून ठेवले होते, दर रविवारी अंगणात बसून पॉलिश करायचे. झटका आला की माय ओरडायची, "बूट आन वं, बूट!" मी सात-आठ वर्षांची. ते हातपाय झाडत असायचे, तोंडाला फेस, आणि मी त्यांचाच बूट त्यांच्या नाकावर दाबून धरायची. शुद्धीवर आले की वरच्या ओठावर पॉलिशचा काळा डाग असायचा. तो ते स्वतः पुसायचे आणि बराच वेळ कोणाकडे बघायचे नाहीत.

हिंगणघाटला जिनिंगमध्ये चौकीदारी मिळाली होती. तिथे फाटकातच पडले, दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. मग एकदा घरीच चुलीपुढे झटका आला. माय पाण्याला गेली होती. डावा हात निखाऱ्यांत किती वेळ होता कोण जाणे. बरा झाला तेव्हा तीन बोटं एकमेकांना चिकटलेली. त्यानंतर त्यांना कोणी कामाला बोलावलं नाही, आणि घर मायच्या विळ्यावर चाललं.

सत्त्याण्णव साली, जयंतीच्या मिरवणुकीत, त्यांना एक जुना फौजी भेटला. त्यानं विचारलं, मार ड्युटीवर लागला ना? मग त्याचा काही कागद आहे? बाबांच्या ट्रंकेत त्या डोंगरातल्या दवाखान्याची चिठ्ठी होती. तो म्हणाला, अरे, मग दावा लाव ना! आजार त्या मारामुळे झाला असं बोर्डानं मान्य केलं की जन्मभर पेन्शन मिळते, आणि तुझ्यामागे बायकोला. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माय हातातलं काम टाकून बसून राहिली. तिच्यामागे कोणी नव्हतं. मी एकुलती एक, आणि मला तर देऊन टाकलेलं.

मला बोरगाव मेघेत दिलं होतं. माजी सैनिकांचं ऑफिस वर्ध्यात, म्हणजे माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटं. मी बारावी पास, टायपिंगची एक परीक्षाही दिलेली. त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं, आणि मी ते हौसेनं घेतलं. बाबांना पेन्शन मिळवून देणारी पोरगी! गावात नाव होईल, असंही डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू.

फक्त एक अडचण होती. सासरी बाबांची मिरगी माहीत नव्हती. लग्न जमवताना लपवली होती, आणि एकदा लपवलं की पुढे ते रोज लपवावं लागतं. बाबा गोळ्या घ्यायचे, पण भरवसा नव्हता. त्यामुळे मायनं त्यांना ताकीद दिली होती, की पोरीच्या घरी मुक्काम करायचा नाही, जेवायचं नाही, उभ्या उभ्या भेटायचं आणि निघायचं. पुढे पुढे मी म्हटलं, बाबा, घरी येताच कशाला, मीच स्टँडवर येते. मी डब्यात भाजी-पोळी घेऊन वर्ध्याच्या बसस्टँडवर जायची आणि बाबा सिमेंटच्या बाकावर बसून ती खायचे. आठ वर्षांत माझ्या बापानं माझ्या घरचं पाणी प्यायलं ते दोनदा की तीनदा.

घरी मी सांगितलं होतं, की बाबांच्या हाताच्या पेन्शनचं काम आहे, हात फौजेत जळला. नवरा चिडवायचा, "तुह्या बापाच्या फाइलीत खजिना हाय का वं? एवढा जीव तं तू माह्यात नाई लावला." मी हसून घ्यायची.

ऑफिसातला बाबू स्वतः फौजेतून आलेला होता, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. मान ताठ, आवाज मोठा, कान थोडे मंद. बाबा त्याच्यापुढे टाचा जुळवून उभे राहायचे. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. पहिल्या वेळी म्हणाला, झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का नाही. शिक्का मारून आणला, तर म्हणाला, नवराबायकोचा जोडफोटो पाहिजे. जोडफोटो आणला, तर माय त्यात पदर घेऊन बसलेली, कान दिसत नव्हते. पुन्हा काढला. मग डिस्चार्ज बुकात आमच्या गावाचं नाव एक आणि रेशन कार्डावर त्याचंच दुसरं स्पेलिंग, त्यासाठी तलाठ्याचा दाखला. तलाठी आठवड्यातून एकदा उगवायचा, तोही नक्की नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे सहा महिने एकेका कागदाला लागत होते. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी माझी गत झाली. मी घरी येऊन त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

तो मात्र दरवेळी एकच सांगायचा. "बाई, जे मांगतलं तेच द्या. कम नाई, जास्ती बी नाई. फाइल भरून कोनी पेन्शन देत नाई."

मला वाटायचं, हा मला शिकवतो! एक दिवस मी ठरवलं, की आता अशी फाइल बांधते, की याला तोंड उघडायला जागाच राहायला नको. मी अल्लीपूरला गेले. मायला म्हटलं, "ट्रंक खाली कर. शिक्का असलेला एक एक कागद काढ." मायला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता यायचा. तिनं जांभळा शिक्का दिसला की कागद माझ्याकडे टाकला. बाबा बाजूला बसून कागद सरळ करत होते, घड्यांवरून अंगठा फिरवत. बावीस कागद निघाले. दवाखान्याची चिठ्ठी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद, जिनिंगमधून काढल्याचा कागद, डॉक्टरांची दोन-तीन सर्टिफिकेटं. इंग्रजी मला येत होतं, कामापुरतं. मी वरचं मोठ्या अक्षरातलं वाचत गेले. 'मेडिकल सर्टिफिकेट' दिसलं की खूश व्हायची, की वा, हाही आहे! खालचं बारीक हस्ताक्षर डॉक्टरांचं, ते कोण वाचतं? नंबर टाकले, झेरॉक्स काढल्या, एका प्राचार्यांकडून बावीसच्या बावीस साक्षांकित करून घेतल्या. त्यांनीही वाचलं नाही, नुसते शिक्के मारत गेले.

नशीब असं, की त्या दिवशी तो हवालदार बाबू रजेवर होता. दुसऱ्या एका माणसानं फाइल घेतली, चाळलीसुद्धा नाही, पोचेचा शिक्का मारून दिला. मी विजयी मुद्रेनं बाहेर आले, स्टँडवर बाबांना पोच दाखवली आणि आम्ही दोघांनी दोन दोन आलूबोंडे खाल्ले. बाबा म्हणाले, "तू पोरगा असती तं अफसर झाली असती."

काही महिन्यांनी त्यांना तपासणीला बोलावलं, लांबच्या एका फौजी दवाखान्यात. माय सोबत गेली. बाबा परत आले ते दहा वर्षांनी लहान होऊन. डॉक्टर मेजर होती, बाई होती, तिनं आपल्याला 'जवान' म्हटलं, हे त्यांनी गावभर सांगितलं. त्यांनी बुटांना नवे बंद घेतले. बाप्पा, काय आनंद तो! पेन्शन मिळाल्यासारखाच.

उत्तर यायला वर्ष लागलं. बाबूनं निरोप पाठवला म्हणून मी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला, "बसा बाई." मी बसले नाही. त्यानं कागद समोर ठेवला. दावा नामंजूर.

"काऊन?" मी इतक्या जोरात विचारलं, की बाजूच्या टेबलावरची बाई वर बघायला लागली.

"सतरा नंबरचा कागद तुमीच जोडला न?" त्यानं झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. मग माझा चेहरा पाहून स्वतःच वाचली, मराठीत सांगत सांगत. मी या इसमास दहा वर्षांपासून ओळखतो. यास फेफरे, मिरगी किंवा डोक्याचा कोणताही विकार कधी झालेला नाही. जुन्या दुखापतीचा कोणताही परिणाम शिल्लक नाही. इसम पूर्णपणे धडधाकट आहे. खाली हिंगणघाटच्या डॉक्टरची सही, शिक्का, आणि बाजूला प्राचार्यांचा शिक्का, की ही खरी नक्कल आहे.

"तुमच्याच डॉक्टरनं लिहून देलं, तुमीच आनून देलं," बाबू म्हणाला. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. म्या तुमाले काय सांगतलं होतं?" मग त्याला काय वाटलं कोण जाणे, उठून त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला दिलं.

तो कागद माझ्या लग्नाचा होता. त्र्याण्णव साली मला बोरगावचं स्थळ आलं. नवऱ्याच्या मामाच्या कानावर काहीतरी गेलं होतं, तो म्हणाला, पोरीच्या बापाला मिरगी आहे म्हणतात, डॉक्टरचा कागद दाखवा. माय हिंगणघाटच्या एका डॉक्टरकडे गेली. त्या डॉक्टरचं गावाजवळ वावर होतं. माय त्याच्या वावरात आठ दिवस फुकट निंदायला गेली आणि नवव्या दिवशी तिला तो कागद मिळाला. मामानं वाचला, मान हलवली, लग्न झालं. मला माहीत होतं की असा काही कागद दाखवलाय. तो ट्रंकेत सांभाळून ठेवला असेल, हे डोक्यात आलं नाही. मायनं शिक्का पाहिला, मी हेडिंग पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तो फौजेला पाठवून दिला.

बाबूनं रस्ता सांगितला. सहा महिन्यांत अपील करता येईल. त्यासोबत एक ॲफिडेव्हिट लावायचं, की तो दाखला खोटा होता, लग्न जमवण्यासाठी घेतला होता. डॉक्टर असं लिहून देणार नाही, बाबा स्वतःच दावेदार, त्यांच्या शब्दाला वजन नाही. "ज्या पोरीच्या लग्नासाठी घेतला, तिनं सांगावं," तो म्हणाला. "कोर्टात जा, नोटरीसमोर सही करा, मले आनून द्या. बाकी मी पाहतो. ह्या माणसाची केस खरी हाय, बाई." शेवटचं वाक्य त्यानं खालच्या आवाजात म्हटलं. ज्याला मी चार वर्षं शिव्या देत होते, तो हा माणूस.

मी हो म्हटलं आणि घरी आले.

आता माझं ऐका. त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या पोरीला तापात झटका आला होता. दोन वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना ताप डोक्यात चढला की होतं, घाबरू नका. पण सासूबाईंनी दवाखान्याच्या दारातच मला विचारलं, "तुह्या माहेरी कोनाले मिरगी-बिरगी हाय का वं?" मी म्हटलं, नाही. "खरं सांगतं का?" मी झोपलेल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हिची शपथ." आमच्या गल्लीत एका सुनेला पाठीवर कोड निघालं म्हणून माहेरी बसवली होती, तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. तिचं बंद दार मी रोज बघत होते. आणि आता मी वर्ध्याच्या कोर्टात, जिथे नवऱ्याचे दोन ओळखीचे स्टॅम्प विकायला बसतात, तिथे जाऊन लिहून देऊ, की माझ्या बापाला मिरगी आहे आणि माझं लग्न खोट्या कागदावर झालं?

हिंगणघाटच्या कोर्टात जाऊ शकले असते. तिथे मला कुत्रं ओळखत नव्हतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

बाबा दर महिन्याला यायचे. बोरं आणायचे, तुरीच्या शेंगा आणायचे. सिमेंटच्या बाकावर बसून विचारायचे, "झालं का वं बाई?" मी म्हणायची, नोटरी सुट्टीवर आहे. पुढच्या महिन्यात म्हणायची, स्टॅम्प पेपर संपले. मग पोरीला गोवर. मग वकिलाची आई वारली. मी एका न पाहिलेल्या वकिलाची आई मारली! बाबा उलट मलाच समजवायचे, "कोर्टाचं काम हाय, टाइम लागते. तू लय पळापळ नोको करू." एकदा मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी या," आणि माझ्याच तोंडून बाबूचा आवाज ऐकला असं वाटलं. मला लाज वाटली. लाज वाटली आणि सोमवारी मी गेले नाही.

बाबूनं दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा रस्त्यात भेटला तर मी सायकल दुसऱ्या गल्लीत घातली.

सहा महिने संपले. मी बाबांना स्टँडवर सांगितलं, "दिलं होतं बाबा. पण वरून नामंजूर झालं." बाबांच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो त्यांनी डब्यात परत ठेवला, उठून उभे राहिले, सदरा खाली ओढून नीट केला. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, "बरं. तुले लय तरास देला." आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते वर्ध्याला आले नाहीत.

तीन वर्षांनी, गावाजवळच्या नाल्यात, ते मेले. घोट्याएवढं पाणी. बकरीला पाणी पाजायला गेले होते, झटका आला आणि तोंड खाली करून पडले. कोणी बाजूला असतं तर नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी चाललं असतं. गोळ्या आठ दिवसांपूर्वी संपल्या होत्या, आणि मायनं हिंगणघाटला जायचं पुढच्या बाजारावर ढकललं होतं. पेन्शन असती तर गोळ्या फौजेच्या दवाखान्यातून मिळाल्या असत्या, हे मला बाबूनंच एकदा सांगितलं होतं.

सासरची सगळी माणसं आली. विहारासमोर बाया बसल्या होत्या, आणि एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मिरगीनं नेलं वं बिचाऱ्याले. जन्मभर पाठीमागे लागली होती." मी सासूबाईंच्या शेजारी होते. मी पदर तोंडावर ओढला. बाप समोर झाकून ठेवलेला, आणि मी घाबरत होते ते सासूला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय तोंड लपवून राह्यली? आमाले का मालूम नोतं?"

"काय?"

"तुह्या बापाची मिरगी. लग्नाच्या आधीपासून मालूम हाय. माही चुलत बहीण इथंच देली न, तिनंच सांगतलं. म्हटलं पोरगी शिकलेली हाय, बाप फौजी, चालते. तो कागद तं माह्या भावाचं तोंड बंद कराले पाह्यजे होता."

"मंग पोरीच्या वेळी मले काऊन इचारलं?"

"पाहून राह्यली होती, तू खरं बोलते का." असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् तू पोरीची शपथ खाल्ली. तवापासून मी तुह्या कोन्याच गोष्टीवर भरोसा नाई ठेवला."

मला त्या क्षणी तिचा गळा दाबावासा वाटला. मग माझाच. दहा वर्षं मी ज्या दारावर पहारा दिला, त्या दाराच्या आत काही नव्हतंच. बाबा माझ्या घरी येऊन जेवू शकले असते. पडले असते तर पडले असते, सासूनंच कांदा फोडून नाकाला लावला असता.

पंधरा दिवसांनी मी मायला घेऊन वर्ध्याला गेले, आधी ऑफिसात, मग कोर्टात. ऑफिसातला जुना बाबू निवृत्त झाला होता. नव्यानं सांगितलं, मुदत गेली, दावेदार गेला, तरी विधवेच्या नावानं अर्ज करून पाहा, उशीर माफ करा अशी विनंती करून. ते ॲफिडेव्हिट मात्र लागेलच. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिस्ट बसले होते. एकाला सांगितलं. तो टाइप करत गेला, मी सांगत गेले. बाबांना मिरगी होती. दाखला खोटा होता. माझ्या लग्नासाठी घेतला होता. आजूबाजूला माणसं ये-जा करत होती, कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मग टायपिस्ट थांबला. "उशीर काऊन झाला, ते लिहावं लागते, ताई. हे आधीच काऊन नाई देलं?"

माय बाजूच्या ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "लिहा, घरगुती अडचणीमुळे."

"सगळे हेच लिहतेत," तो म्हणाला आणि टाइप केलं. नोटरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कायदाच आहे तसा. यापूर्वी असे प्रतिज्ञापत्र घरगुती अडचणीमुळे सादर करता आले नाही. मी सही केली. सगळं मिळून अर्धा तास लागला. त्यातली दहा मिनिटं नोटरीच्या चहाची.

त्या अर्जाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगते, म्हणजे कोणी आशेनं वाचायला नको. काही झालं नाही. मेलेल्या माणसाला बोर्ड तपासत नाही. माय सत्तरीपर्यंत लोकांच्या वावरात निंदत होती.

त्या दिवशी अल्लीपूरच्या गाडीत आम्ही दोघी एका सीटवर होतो. मी तिला घरापर्यंत सोडणार होते, रात्री राहणार होते. वायगाव मागे पडलं. माय म्हणाली, "म्हंजे तवा देलंच नोतं?"

"नाई."

"नामंजूर झालं म्हटलं तू."

"खोटं बोलली, माय. मले भेव वाटलं."

ती समोरच्या सीटच्या दांड्याला धरून बसली होती. "तुह्या बापाले समजलं होतं," ती म्हणाली. "एक दिवस वर्ध्याहून आला अन् मले म्हणे, पोरगी टाळून राह्यली वाटते. मी त्याच्यावर अशी चिडली! म्हटलं, पोरगी तुमच्यापायी उन्हातान्हात फिरून राह्यली अन् तुमी तिच्यावर शक घेता? कसे बाप हा? दोन दिस बोलली नाई मी त्याच्याशी. भाकर ठेवो अन् तोंड फिरवून बसो. तिसऱ्या दिशी त्यानं माह्यासमोर कान धरले. म्हणे, चुकलं माहं, पोरीले सांगू नोको."

मला रडायला आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

गाव आलं. मी उठायला लागले, तर मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. जोर केला नाही, साधंच बसवलं. म्हणाली, "तू नोको उतरू. ह्याच गाडीनं वापस जाय." ती पिशवी घेऊन खाली उतरली आणि रस्ता ओलांडून चालायला लागली. गाडी पुढे जाऊन वळून येणार होती. कंडक्टरनं विचारलं, "ताई, उतरायचं नाई का?" मी म्हटलं, नाही, आणि वर्ध्याचं तिकीट मागितलं.